‘झालं’ म्हटल्यानंतरचा चेहरा

फोटो काढतो म्हटलं की माणूस आधी खांदे सरळ करतो, मग ओठ ताणतो. ‘झालं’ म्हटलं की खांदे उतरतात, श्वास सुटतो आणि शेजारच्याकडे बघून तो मनापासून हसतो. डॉक्युमेंटरी पोर्ट्रेट, म्हणजे माणसाचा आहे तसा, न सजवलेला फोटो काढणारा याच दुसऱ्या चेहऱ्याची वाट बघत असतो.

हे दोन चेहरे खरोखरच वेगळे असतात. फ्रेंच वैद्य ड्यूशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन फोटो काढले आणि १८६२ साली ते प्रसिद्ध केले. ओठांची टोकं वर ओढणारा गालाचा स्नायू आपलं ऐकतो. डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदालाच साथ देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ते इतकं सरळ मानलं जात नाही, कारण काहींना डोळ्यांनीही खोटं हसता येतं. पण मेंदूत मुद्दाम हसण्याची आणि आपसूक हसण्याची वाट वेगळी असते, हे खरं. पक्षाघाताच्या काही रुग्णांना ‘हसा’ म्हटलं तर अर्धाच चेहरा हलतो. तेच विनोद ऐकला की दोन्ही बाजू खुलतात. मला हे फार विलक्षण वाटतं!

सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना हा चेहरा पकडणं शक्यच नव्हतं. १८४०च्या सुमारास फोटोसाठी बराच वेळ निश्चल बसावं लागे, डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. १९२०च्या दशकात छोटे कॅमेरे आणि भरपूर प्रकाश घेणाऱ्या लेन्स आल्या, तेव्हा जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमन यांनी एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन परिषदांत बसलेले मुत्सद्दी बेसावध टिपले.

आता शटर एका सेकंदाच्या २५०व्या भागात सहज उघडमिट करतं. उशीर होतो तो आपल्याकडून. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो, आणि तेवढ्यात भाव पुसला जाऊ शकतो. म्हणून दिसल्यावर नव्हे, दिसण्याच्या बेतात असताना बटण दाबावं लागतं. त्यासाठी समोरच्या माणसाच्या परवानगीने त्याच्याजवळ इतका वेळ बसायचं, की त्याला कॅमेऱ्याचा विसर पडावा. हात कामात असले की हे लवकर होतं. सुईत दोरा ओवणारी बाई बघा. ओठ मिटलेले, एक डोळा बारीक, भुवया जवळ आलेल्या. दोरा पलीकडे गेला की क्षणभर सगळा चेहरा सैल होतो. बोट दाबायचं ते दोऱ्याचं टोक नेढ्याला टेकतं तेव्हा.