दुर्मिळ स्पोर्ट मोटारसायकली (बेळगाव सीमाभाग)

दुर्मिळ स्पोर्ट मोटारसायकली : कारखान्यातनं कधीच बंद झालेल्या, मोजक्या उरलेल्या आणि आता ऑफिसला जायला कमी, जपायला जास्त घेतल्या जाणाऱ्या पळणाऱ्या गाड्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात "स्पोर्ट मोटारसायकल" असं तोंडभरून कोण म्हणत नाही, नुसतं "गाडी" म्हणतात आणि कुठली ते समोरच्याला कळतं. या नोंदीत मुख्यतः राजदूत ३५०, येझदी रोडकिंग आणि यामाहा आरएक्स १०० धरल्या आहेत. बुलेट मुद्दाम घेतलेली नाही, ती दुर्मिळ नाही आणि तिच्या भक्तांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुर्मिळपणाचे प्रकार : गाडी दुर्मिळ होते ती दोन वाटांनी, आणि किमतीबद्दल बोलताना लोक या दोन वाटा एकमेकांत मिसळतात. पहिली वाट म्हणजे कारखान्यानंच कमी काढलेली गाडी. १९८८ मध्ये वर्ल्ड सुपरबाईक शर्यती सुरू झाल्या, तिथं नियम असा की शर्यतीत पळवायची गाडी ठरावीक संख्येनं रस्त्यासाठी विकलेली पाहिजे, म्हणून कंपन्यांनी शर्यतीची गाडी लाईट आणि इंडिकेटर लावून बाजारात आणली. होंडाची आरसी ३० त्यातलीच. यामाहाची १९९९ ची आर ७ फक्त ५०० काढली. होंडाच्या १९९२ च्या एनआर ला लांबट गोल पिस्टन आणि चार सिलिंडरांत मिळून ३२ व्हॉल्व्ह होते, असलं परत कोणी केलं नाही. लिलावाचं उदाहरण द्यायचं तर १९५१ ची एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग २०१८ मध्ये लास व्हेगासला ९,२९,००० डॉलरला गेली.

दुसरी वाट आपली. गाडी बाजारात आली, लोकांनी नको म्हटली, भंगारात गेली, पार्टसाठी फोडली, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तेच लोक शोधत फिरायला लागले. सीमाभागातल्या जवळजवळ सगळ्या किमती गाड्या या दुसऱ्या जातीच्या आहेत. त्यामुळं परदेशी लिलावाचे आकडे दाखवून इथं भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

राजदूत ३५० : फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या सहकार्यानं १९८३ पासून काढलेली गाडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह (आत घेतलेलं मिश्रण मागं न सोडणारी पातळ पाती), सहा गिअर. मूळ जपानी आरडी ३५० ही १९७३ ते १९७५ या काळातली, म्हणजे आपल्याकडं आली तेव्हा डिझाईन दहा वर्षं जुनं होतं, तरी इथल्या रस्त्यावर तिच्यापुढं जाणारं काही नव्हतं. जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, आपल्याला ड्रम दिला. एवढ्या पळणाऱ्या गाडीला ड्रम का दिला याची कारणं वेगवेगळी सांगतात, त्यात खर्च वाचवला हेच कारण सगळ्यात साधं आणि बहुधा खरं.

"आरडी" या अक्षरांवरून वाद आहे. परदेशी शौकीन "रेस डेव्हलप्ड" असा अर्थ लावतात. दुसरं मत असं की ही यामाहाची नुसती मॉडेलची अक्षरं, आधीच्या आर ५ वरनं पुढं आलेली, आणि अर्थ मागाहून चिकटवला. तिसरं मत अस्सल देशी : आरडी म्हणजे राजदूत. टाकीवर राजदूत लिहिलेलं असल्यामुळं बेळगावात जुनी माणसं अजून असंच धरून चालतात. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, पण तिसरं मोडून काढण्याची हौस कुणाला नाही.

याहून मोठा घोळ एचटी आणि एलटीचा. एचटी म्हणजे हाय टॉर्क, ताकद ३०.५ बीएचपी, एलटी म्हणजे लो टॉर्क, ताकद साधारण २७. मायलेज फारच कमी म्हणून ओरड झाली तेव्हा पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांची) मापं आणि सायलेन्सर बदलून ताकद उतरवली. हा बदल १९८५ च्या आसपास झाला असं बहुतेक ठिकाणी सांगतात, पण एका तारखेला एचटी बंद आणि दुसऱ्या दिवशी एलटी चालू असं झालेलं नसावं, काही काळ दोन्ही शोरूममधनं विकल्या गेल्या असाव्यात असं मानलं तर हातात येणाऱ्या गाड्यांशी ते जास्त जुळतं. उत्पादन १९८९ किंवा १९९० च्या सुमारास थांबलं. भावावर याचा परिणाम असा की एचटी म्हटली की आकडा एकदम वर जातो, आणि मग एलटीच्या इंजिनावर एचटीचे बॅरल (सिलिंडर) चढवून विकणारेही निघतात. वास्तविक चाळीस वर्षं झिजलेल्या गाडीत तीन-साडेतीन बीएचपीचा फरक बसणाऱ्याला कळतो का हा प्रश्न आहे, पण संग्रह करणारा माणूस बसायला घेतच नाही ना.

गाडी पडली कशानं, तर पेट्रोलनं. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, चार स्ट्रोकची, पेट्रोल वास घेऊन चालणारी, आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्स-यामाहाचीच ९८ सीसी, ११ बीएचपीची आरएक्स १०० आली, जी हलकी होती आणि पिकअपला भन्नाट. मग ३५० चा खर्च कोण करणार? आरएक्स १९९६ ला बंद झाली, धुराच्या नियमांमुळं. ती संख्येनं भरपूर विकली गेली, त्यामुळं ती खरं तर दुर्मिळ म्हणता येत नाही, चांगल्या अवस्थेतली दुर्मिळ आहे इतकंच.

येझदी : म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची गाडी, म्हणजे कर्नाटकची घरचीच. कारखाना १९६० च्या सुमारास रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी काढला, सुरुवातीला झेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा, १९७३ पासून येझदी हे नाव, १९७८ ला रोडकिंग, आणि १९९६ ला कारखाना बंद. नावाच्या उगमाबद्दल दोन मतं. एक, इराणमधलं याझ्द हे गाव, इराणी मंडळींचं मूळ तिकडचं, म्हणून येझदी. दोन, झेक भाषेत "येझ्दी" म्हणजे "चालते, धावते", तेव्हा तिथल्याच भाषेतला शब्द उचलला. पहिलं मत जास्त सरळ आहे. परवाना झेक होता म्हणून नावही झेकच असलं पाहिजे असं काही नाही, दोन्हीकडं जुळणारं नाव बघून मालक खूश झाला असेल एवढं फार तर म्हणता येतं.

ओळखायची खूण म्हणजे किक आणि गिअर एकाच दांड्यावर. तोच दांडा आत दाबून उलटा फिरवला की किक, परत पुढं आणला की गिअर. नवीन माणसाला ही गाडी चालू करायला दिली तर गल्लीत करमणूक होते. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचं, आरडी आणि आरएक्सला मात्र ऑईलची वेगळी टाकी आणि पंप.

यावरनं घाटातली एक गोष्ट. चोर्ल्यातनं गोव्याकडं उतरताना माणूस ॲक्सिलरेटर सोडून देतो, गाडी गिअरवर जोरात उतरते, पण पेट्रोल जात नाही म्हणजे त्यात मिसळलेलं ऑईलही जात नाही, आणि पिस्टन कोरडं पळून धरतं, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतं. म्हणून जुने लोक उतारावर मधे मधे क्लच दाबून एकदा रेस देतात. कणकुंबीच्या खाली असा "झुम्म" आवाज धुक्यातनं आला तर समजायचं येझदी उतरतेय आणि चालवणारा जाणकार आहे.

मूल्यांकन : घेणारा पहिल्यांदा चुंबक काढतो. टाकीवर फिरवायचा, जिथं चिकटत नाही तिथं खाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जांबोटी-आंबोलीकडच्या पावसात राहिलेल्या गाडीची टाकी आतनं पण बघायची, झाकण उघडून बॅटरी मारली की गंज दिसतो. मग हँडलच्या मानेवर चेसिस नंबर. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, आरटीओला हाच प्रिंट लागतो, आणि इथंच खोट सापडते, कारण परत पंच केलेल्या आकड्यांची रांग सरळ येत नाही आणि खालचा पत्रा घासलेला असल्यानं कागदावर सपाट डाग येतो. असली गाडी कितीही चकचकीत असू दे, हात लावू नये, तो गुन्हा आहे.

इंजिनकामाच्या बाबतीत सीमाभागाची बाजू भक्कम आहे. बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, फाउंड्री आणि मशीन शॉप दोन्हीकडं. आरडीचं बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मूळ ६४ मिमी, ते घासलं की थोडं मोठं बोअर मारून ओव्हरसाईज पिस्टन, आणि जागा संपली की नवीन लायनर (सिलिंडरच्या आतली नळी). क्रँक (पिस्टनच्या वर-खालीनं फिरणारा दांडा) मात्र नाजूक काम, प्रेसवर उघडून, नवीन रॉड-बेअरिंग घालून परत दाबतात आणि मग मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या डायलखाली फिरवत तांब्याच्या हातोडीनं टकटक करत सरळ करतात. काटा थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. मूळ रंग ठेवावा की नवीन मारावा यावर दोन तट आहेत. मूळ रंग ओरखड्यांसकट ठेवलेल्या गाडीला बाहेर जास्त मान आहे, आपल्याकडं लोकांना अजून क्रोम चमकलेलं आवडतं. पहिल्या तटाचं म्हणणं बरोबर वाटतं, रंग परत मारता येतो, मूळ रंग परत आणता येत नाही.

कागद : इथं सीमाभागाची खरी गंमत. बेळगाव १९५६ ला मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्यामुळं तीन पिढ्यांच्या एका घरात तीन नावांचे कागद निघतात. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर, पाहुणे तिकडं, लग्नं तिकडं, आणि गाड्याही तिकडनंच येतात, एमएच ०९ ची (कोल्हापूरची) आरएक्स केए २२ च्या (बेळगावच्या) दारात उभी. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, त्याला आधी तिकडची एनओसी (ना हरकत दाखला), मग इथला टॅक्स. मूळ मालक वारलेला, वारस पुण्या-मुंबईला, आर्सी बुक उंदरानं खाल्लेलं, असं असलं की गाडी कितीही अस्सल असो, पार्टच्या भावात जाते. एका रोडकिंगच्या एनओसीसाठी प्रस्तुत लेखकानं एका कार्यालयात इतक्या खेपा घातल्या की शिपाई "काय गा, आज पण आलास?" म्हणून चहा सांगायचा. कागद पूर्ण असलेली मळकी गाडी आणि कागद नसलेली झगमगीत गाडी यात जाणता माणूस डोळे झाकून पहिली उचलतो.

२०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी, नंबरात "व्हीए" ही अक्षरं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,०००. रोज फिरवायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर. म्हैसूरच्या साठच्या दशकातल्या जावा यात बसतात. पहिली राजदूत ३५० मात्र २०३३ शिवाय बसत नाही, तोवर दर पाच वर्षांनी आर्सी रिन्यू करत राहायचं.

या गाड्या एकत्र बघायच्या तर खंडेनवमीला. एरवी गोठ्यात, पोत्याखाली असलेल्या बाहेर येतात, धुतात, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि मग अख्खी गल्ली निळ्या धुरानं भरते.