टीबीच्या जंतूने लक्ष्य बदललं की पंप वाढवला?

निपाणी, चिकोडी, खानापूरकडे एमडीआर (अनेक औषधांना न जुमानणाऱ्या) टीबीचा रिपोर्ट आला की ‘जंतू औषधाला दाद देत नाहीत’ एवढंच कानावर येतं. दाद न देण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि दोन्ही एकाच तपासणीत सापडत नाहीत.

पहिलीत औषध जिथे चिकटतं ती जागाच, म्हणजे औषधाचं लक्ष्यच, बदलते. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याच्या आरपीओ-बी जनुकात डीएनएच्या ८१ अक्षरांचा एक पट्टा आहे. सुमारे ९५ टक्के प्रतिकारक जंतूंमधला बदल तिथेच असतो. म्हणून सीबीनॅट ही जनुक-तपासणी किंवा गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट तेवढाच पट्टा तपासून दोनेक तासांत उत्तर देतं.

दुसरीत लक्ष्य शाबूत असतं. जंतूच्या आवरणातली एफ्लक्स पंप प्रथिनं, विहिरीला मोटर लावून पाणी उपसावं तसं, आत आलेलं औषध बाहेर टाकतात. जंतू मरण्याइतकं औषध आत साठतच नाही. यातले काही पंप तात्पुरते वाढतात. ‘टॅप’ नावाचा पंप जंतू आपल्या पांढऱ्या पेशींत शिरला की जोर धरतो. जनुक बदललेलं नसतं, त्यामुळे जनुक-तपासणीला काहीच दिसत नाही. प्रयोगशाळेत वेरापामिल घालून पाहतात: जंतू थोपवायला लागणारी मात्रा चौपटीने उतरली, तर पंपाचा हात आहे असं धरतात. (वेरापामिल हे बीपीचं, हृदयाचं औषध आहे, टीबीसाठी मनाने घेऊ नये.)

एमडीआर टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधाबाबत मात्र पंपाचा प्रतिकार कायमचा होतो. आरव्ही-०६७८ हे जनुक एमएमपीएल-५ पंपाला लगाम घालतं. ते बिघडलं की पंप मोकाट सुटतो आणि बेडाक्विलिनसोबत क्लोफाझिमिन हे दुसरं औषधही बाहेर फेकतो. म्हणजे एकाच बिघाडात दोन औषधं लंगडी. बेडाक्विलिनचं खरं लक्ष्य एटीपी-ई. तिथला बदल जबर प्रतिकार देतो, पण रुग्णांत जास्त आढळतो तो आरव्ही-०६७८ मधलाच. हे बदल जनुकभर विखुरलेले असतात, त्यामुळे छोट्या पट्ट्याची चाचणी इथे चालत नाही. सीक्वेन्सिंग (अख्खं जनुक अक्षर-अक्षर वाचणं) हवं, नाहीतर एमजीआयटी कल्चर, म्हणजे औषध घातलेल्या नळीत जंतू वाढतात का ते पाहणं. त्यात कसोटीची मात्रा १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि पंपवाले जंतू नेमके तिच्या आसपास घुटमळतात, काही निसटतात. गंमत म्हणजे पेरूमधल्या काही जंतूंत आरव्ही-०६७८ बिघडलेलं असूनही प्रतिकार नाही, कारण पंपच मोडलेला!

तेव्हा सीबीनॅटवरचं ‘रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ फक्त रिफाम्पिसिनबद्दल बोलतं. पूर्वी क्लोफाझिमिन घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा आणि बेडाक्विलिनची तपासणी विचारा. बेडाक्विलिनची गोळी जेवणासोबतच घ्या. उपाशीपोटी निम्म्याच्या आसपासच रक्तात उतरते.

कामासाठी गोवा-कोल्हापूरला जाऊन सगळ्या गोळ्या मध्येच सोडणं तर सर्वांत धोक्याचं. बाकीची बहुतेक औषधं काही दिवसांत उतरतात, पण बेडाक्विलिनचं अर्धायुष्य साडेपाच महिन्यांचं. ते जवळपास एकटंच कमी मात्रेत रेंगाळतं, आणि तेवढ्या मात्रेत पंपवाले जंतूच तगतात. निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत एकच चालतो. निघण्याआधी टीबी केंद्रावर उपचारांची ट्रान्सफर करून घ्या.