कांदळवन सफर, वेंगुर्ले

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथील मांडवी खाडीतील कांदळवनातून, म्हणजे खारफुटीच्या जंगलातून, स्त्रिया स्वतः होडी वल्हवून घडवतात ती निसर्गसहल. ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने २०१७ मध्ये ती सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या मदतीने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर राबवलेला जैवविविधता प्रकल्प आणि राज्याच्या वनविभागाचा कांदळवन कक्ष यांचे पाठबळ तिला मिळाले. गोव्यात पणजीजवळून वाहणारी मांडवी नदी वेगळी. तिचा या खाडीशी संबंध नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर पर्यटकांचा मुख्य ओढा राहिला तो मालवणचा किल्ला, तारकर्लीची वाळू आणि समुद्रातील जलक्रीडांकडे. खाडीकडे मात्र बराच काळ कोणी फिरकले नाही. चिखल, डास आणि वेडीवाकडी मुळे यांत पाहण्यासारखे काय आहे, असाच समज होता. कांदळवन म्हणजे पडीक जागा, सरपणाची सोय किंवा भराव टाकायचे ठिकाण, हा दृष्टिकोन कोकणात आणि त्याहून अधिक मुंबईच्या आसपास रुजलेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. कायद्याने कुऱ्हाड थांबते, पण खाडीकाठच्या घरांना त्या झाडांपासून काही मिळाले तरच राखण टिकते. ‘स्वामिनी’चे महत्त्व इथे आहे.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांत पुरुष समुद्रावर जातात. मासळी विकणे, सुकवणे आणि ओहोटीला खाडीत उतरून कालवे, मुळे, तिसऱ्या अशी शिंपली गोळा करणे ही कामे बहुधा बायकांची. त्यामुळे कुठे गाळ पायाखाली दगा देतो, कुर्ल्या म्हणजे खेकडे कोणत्या बिळांत असतात, भरतीचे पाणी कुठून आधी शिरते, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. प्रशिक्षणातून झाडांच्या व पक्ष्यांच्या शास्त्रीय माहितीची त्यात भर पडली. बाहेरून आणलेल्या वाटाड्याला इतके बारकावे शिकायला वर्षे लागतील.

सफरीचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, पाण्यावर ठरते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे आजची वेळ उद्या चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या भांगाला चढउतार कमी. पाणी पुरेसे असेल तरच होडी झाडांच्या जवळ जाऊ शकते. येणाऱ्याने आपली घाई किनाऱ्यावर ठेवावी लागते, आणि खाडीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. वल्ह्याच्या होडीला इंजिनाचा आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, काठाचा गाळ ढासळवणाऱ्या लाटाही नाहीत. खंड्या फांदीवरून लगेच उडत नाही, बगळे आपल्या जागी उभे राहतात.

पाहायचे असते ते मुख्यतः झाडांचे जगणे. कांदळाला खोडापासून कमानीसारखी आधारमुळे फुटतात आणि त्याचे बी झाडावरच रुजते. लांब हिरवा कोंब खाली चिखलात पडतो किंवा भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरतो. तिवराची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात, कारण त्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्याच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात. झाड शोषलेले जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिप्पीची फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांच्या परागीभवनास मदत करतात. पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. असा वृक्ष जाहीर करणारे हे देशातील पहिले राज्य.

या मुळांच्या जाळीत कोळंबी, चोणक, तांबोशी यांची पिल्ले मोठ्या माशांपासून लपून वाढतात. होडी वल्हवणारीच्या तोंडून ही गोष्ट ऐकण्याचे मोल निराळे आहे, कारण तिच्या घरची चूल त्या माशांवर चाललेली असते. कांदळवन तुटले की जाळ्यात काय येत नाही, हे तिला वाचून कळलेले नाही.

खाडीत फिरताना अडकलेले प्लॅस्टिक काढणे हाही या कामाचाच भाग बनला आहे. भरती शहराचा कचरा झाडांत आणून सोडते. पिशव्या श्वसनमुळांना वेढून बसल्या तर झाड गुदमरते. पाहुण्यांसमोर तो कचरा उचलला जातो तेव्हा कोणत्याही सूचनाफलकापेक्षा जास्त परिणाम होतो.

कोकणात अशा वाटेचे आधीचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम तिथे केले. पुढे कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले आणि त्यांचे जेवणखाण घरच्या बायकांच्या हातचे. तिथे स्त्रियांचे काम मुख्यतः घराच्या उंबऱ्याआत राहिले. वेंगुर्ल्यात वल्हेच त्यांच्या हाती आहे, आणि किती फेऱ्या मारायच्या, होडी कुठे थांबवायची हे त्याच ठरवतात. पर्यटनात बाईला स्वयंपाकाचे काम सहज मिळते, निर्णयाचे मिळत नाही. म्हणून हा फरक लहान मानता येत नाही.

कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या उपजीविका योजनेतून राज्याच्या किनाऱ्यावर खेकडापालन, कालवपालन, शोभिवंत माशांचे संगोपन आणि निसर्गपर्यटन यांसाठी गावगटांना साहाय्य मिळते. राज्य शासनाने २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण मंजूर केले. पर्यटन व्यवसाय महिलेच्या मालकीचा असेल, तर १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत शासन भरते. बचत गटाच्या होडीसाठी १५ लाखांची गरज पडत नाही. तिला हवी असते ती धक्क्यावरची हक्काची जागा, पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह आणि खाडीत यांत्रिक बोटींना आवर. या गोष्टी कर्जाने नव्हे, तर स्थानिक प्रशासनाच्या निर्णयाने मिळतात.