स्टॉल (मिनी रॅम्पवरील स्केटबोर्डिंग)

स्टॉल : मिनी रॅम्पच्या चढावरून वर नेलेला स्केटबोर्ड काठावर क्षणभर टेकवायचा, तोल सांभाळायचा आणि पुन्हा उतारावर सोडायचा, या कसरतीला स्टॉल म्हणतात. काठ घासत पुढे सरकले तर तो ग्राइंड किंवा स्लाइड. जागच्या जागी टेकले तर स्टॉल. बोर्डचा कोणता भाग काठावर येतो यावरून प्रकार ठरतात. मागचे टोक टेकले तर टेल स्टॉल, पुढचे टोक टेकले तर नोज स्टॉल आणि चाके ज्यांवर बसवलेली असतात ते दोन्ही ट्रक टेकले तर ॲक्सल स्टॉल.

स्टॉलमध्ये ब्रेक लावणे नसते. झोका वरच्या टोकाला जाऊन जसा आपसूक थबकतो, तसा बोर्ड चढताना वेग गमावत जातो, आणि वेग संपण्याचा तो क्षण नेमका काठावर यावा लागतो. वेग कमी पडला तर चाके काठाच्या अलीकडेच थांबून बोर्ड मागे घरंगळतो. जास्त झाला तर बोर्ड काठापलीकडे निघून जातो आणि स्वार त्याच्या मागे. म्हणून स्टॉल शिकणे हे मुख्यतः वेगाचा अंदाज शिकणे आहे. पाय कुठे ठेवायचे हे तासाभरात समजते, वेगाचा अंदाज अंगात मुरायला आठवडे लागतात. घर्षण सोडून ढोबळ हिशेब केला तर ४ फूट उंचीच्या काठापर्यंत जेमतेम पोचायला तळाशी ताशी १७ ते १८ किलोमीटर वेग लागतो, ३ फुटांसाठी सुमारे १५. हा वेग पायाने ढकलून नव्हे, तर 'पंप' करून मिळवतात: सपाट तळावर गुडघे वाकवायचे आणि वळणदार चढ लागताच पाय ताठ करत अंग वर उचलायचे. झोक्यावर उभे राहून झोका चढवता येणाऱ्या मुलांना हे पटकन उमगते.

रॅम्पची रचना

मिनी रॅम्प म्हणजे समोरासमोर उभे केलेले दोन वळणदार चढ आणि मध्ये सपाट तळ. उंची साधारण ३ ते ६ फूट. मोठ्या व्हर्ट रॅम्पचा चढ वरती सरळ भिंतीसारखा उभा होतो, मिनी रॅम्पचा होत नाही. नवशिक्याला इथे धीर येतो तो यामुळेच. चढाच्या माथ्यावर लोखंडी पाइप बसवलेला असतो, त्याला कोपिंग म्हणतात, आणि त्यामागे उभे राहायला फलाट असतो. कोपिंग लाकडी पृष्ठभागाच्या किंचित, ६ ते १० मिलिमीटर पुढे यावे लागते. ते फार आत गेले तर ट्रकला बसायला जागा राहत नाही आणि ॲक्सल स्टॉल करताना बोर्ड घसरतो. फार पुढे आले तर उतरताना चाके त्यावर अडकतात.

नाशिकमध्ये असा रॅम्प उभा करायला लागणारे सगळे साहित्य आणि हात गावातच आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वेल्डिंग, कटिंग, फॅब्रिकेशन करणारी दुकाने ओळीने आहेत. दुकानात 'दोन इंची' म्हणून मागितलेला पाइप बाहेरून मोजला तर सुमारे ६० मिलिमीटर भरतो, आणि जगभरातल्या बहुतेक मिनी रॅम्पांवर हेच माप वापरतात. त्यासाठी बाहेरून काही मागवावे लागत नाही.

सुतारकामाचा हिशेबही नीट जुळून येतो. ४ फूट उंची आणि ७ फूट त्रिज्या धरली तर वळणाची आडवी लांबी ६.३ फूट येते, म्हणजे बाजूचा साचा ८ बाय ४ फुटांच्या एका प्लायवुडमधून निघतो. वळणाची लांबी ७.९ फूट येते, म्हणून पृष्ठभागावर वाकवून बसवायलाही ८ फुटांची एक शीट जवळजवळ काटेकोर पुरते. साचा आखायला खिळा, ७ फुटांची न ताणणारी दोरी आणि पेन्सिल एवढे पुरे. या मापाने काठाशी चढ सुमारे ६५ अंशांचा होतो: स्टॉल स्पष्ट जाणवेल इतका उभा, पण छातीत धडकी भरवेल इतका नव्हे. उंची ३ फूट आणि त्रिज्या ६ फूट घेतली तर हा कोन ६० अंशांवर येतो आणि लहान मुलांना तो अधिक मानवतो. तळ ८ फुटांचा, दोन्ही फलाट ४-४ फुटांचे धरले तर ४ फुटी रॅम्पची एकूण लांबी २९ फुटांच्या आत राहते. रुंदी मात्र जमेल तेवढी जास्त घ्यावी. ८ फुटांत शिकता येते, १२ फुटांत मोकळेपणाने शिकता येते.

वाकवायला ९ मिलिमीटरच्या प्लायवुडचे दोन थर घ्यावेत; जाड शीट या त्रिज्येत वाकत नाही, तडकते. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. खालच्या आडव्या लाकडी पट्ट्या ८ इंचांच्या अंतराने असाव्यात. अंतर वाढले की पृष्ठभाग पायाखाली दबतो आणि वेगाचा सगळा अंदाज चुकतो. पट्ट्यांवर काटकसर करू नये. पैसे कमी पडत असतील तर रॅम्प एक फुटाने बुटका करावा.

मुख्य प्रकार

रॉक टू फेकी : याला काटेकोर अर्थाने स्टॉल म्हणावे की नाही यावर मतभेद आहेत, पण शिकण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते. सरळ वर जायचे, पुढचा ट्रक कोपिंगच्या पलीकडे न्यायचा, बोर्डचे पोट पाइपवर टेकवायचे आणि वजन मागच्या पायावर घेत पुढची चाके उचलून उलट दिशेने खाली यायचे. उलट दिशेने जाण्याला फेकी म्हणतात. हा प्रकार दिसतो सोपा, पण स्टॉलमधली सर्वांत वाईट पडझड यातच होते. काठावर टेकल्यावर मनात भीती आली, वजन पुढेच राहिले आणि पुढची चाके न उचलता अंग मागे सरकले, तर चाके पाइपला अडकतात आणि स्वार पाठीवर तळाला आपटतो. यावर उपाय एकच: परत येताना पुढची चाके गरजेपेक्षा जास्त उचलायची. पहिल्या दिवसापासून हीच सवय लावावी. मग उंची आपोआप बेताची होते.

टेल स्टॉल : समोरच्या चढावर थोडे जाऊन फेकीने परत यायचे आणि मान वळवून मागच्या काठावर नजर ठेवायची. मागची चाके पाइपला टेकली की मागच्या पायाने शेपटी, म्हणजे बोर्डचे मागचे टोक, दाबायची. बोर्ड हवेत आडवा राहतो, शेपटी काठावर आणि मागची चाके पाइपच्या आतल्या बाजूला. रॅम्पवर उतरण्याची जी पहिली पायरी, ज्याला ड्रॉप-इन म्हणतात, तिची मांडणी हुबेहूब हीच असते. त्यामुळे ज्याला ड्रॉप-इन येतो त्याला टेल स्टॉलची उतरण आधीच येत असते, शिकायची राहते ती फक्त चढण. चूक बहुधा पुढच्या पायाची होते. तो पुढचा ट्रक बसवलेल्या स्क्रूंच्या जवळ असावा. मध्ये सरकला तर उतरताना पुढची चाके जमिनीला भिडत नाहीत. ती भिडेपर्यंत पुढच्या पायावर पूर्ण वजन टाकावे लागते. अर्धवट टाकले तर बोर्ड पुढे निघून जातो.

ॲक्सल स्टॉल : सगळ्या स्टॉलमध्ये सर्वाधिक उपयोगाचा आणि सर्वाधिक वेळ द्यावा असा. थोडे तिरके वर जायचे, पुढची चाके काठाच्या वर उचलायची, मागचा ट्रक पाइपवर बसला की त्यावरच बोर्ड वळवून पुढचा ट्रक बसवायचा. बोर्ड आता काठाला समांतर असतो: एका बाजूची चाके फलाटावर, दुसऱ्या बाजूची आत लोंबकळती. बरोबर बसला तर धातूवर धातू टेकल्याचे दोन ठोके ऐकू येतात, आधी मागचा, मग पुढचा. दोन्ही एकदम वाजले तर बहुधा वेग जास्त होता. एकच वाजला तर बोर्ड पुरता वळलेला नाही.

काठाकडे पाठ करून वळले तर बॅकसाइड, काठाकडे तोंड करून वळले तर फ्रंटसाइड. बहुतेक जण बॅकसाइड आधी शिकतात आणि ते योग्यच आहे, कारण त्यात टेकल्यावर चेहरा रॅम्पच्या आतल्या बाजूला असतो आणि पुढची उतरण डोळ्यांसमोर राहते. फ्रंटसाइडमध्ये टेकताना उताराकडे पाठ असते, उतरण्याचा विश्वास आधी कमवावा लागतो. उतरताना शेपटीवर वजन देऊन पुढचा ट्रक उचलायचा आणि आधी खांदे, मग कंबर, मग बोर्ड या क्रमाने आत वळायचे. फलाटाकडे झुकून राहिले की फलाटावरची चाके मागे अडकतात. म्हणून टेकतानाच अंग थोडे रॅम्पच्या बाजूला ठेवावे.

हे तीन नीट आले की पुढचे प्रकार याच हालचालींच्या जोडाजोडीतून बनतात. रॉक टू फेकीत परतताना अर्धे वळून सरळ तोंडाने खाली आले तर रॉक अँड रोल. फक्त मागचा ट्रक पाइपवर ठेवून तोल साधला तर फाइव्ह-ओ. मागचा ट्रक पाइपवर आणि पुढचा फलाटाच्या बाजूला गेला तर फीबल. तोच काठाखाली, उताराच्या बाजूला झुकला तर स्मिथ. ब्लंटमध्ये मागची चाकेही पाइपच्या वर चढतात, शेपटी आतून टेकते आणि बोर्ड जवळजवळ उभा राहतो. तिथून निसटायला लहानशी उडी लागते, त्यामुळे ब्लंटची घाई करू नये.

शिकण्याचा क्रम आणि पडणे

रॅम्पवर जाण्याआधी सोसायटीच्या आतल्या रस्त्याकडेचा ४ ते ६ इंची गुळगुळीत कर्ब चांगला उपयोगी पडतो. ॲक्सल स्टॉल आणि रॉक टू फेकी दोन्हींचा सराव त्यावर संथपणे करता येतो. चाके कधी उचलायची ते पायाला कळते आणि पडलेच तर उंची नसते. इंदिरानगर, गंगापूर रोडसारख्या भागांतल्या कॉलन्यांमध्ये सकाळी लवकर अशी मोकळी जागा सापडते. गोदाघाटाच्या फरशीवर मात्र बोर्ड नेऊ नये. रामकुंडाचा परिसर स्नान आणि विधींसाठी आलेल्या लोकांचा आहे, शिवाय ओल्या दगडावर चाके धरत नाहीत.

रॅम्पवर आधी पंप, मग किकटर्न म्हणजे चढावर वळून परतणे, मग ड्रॉप-इन आणि त्यानंतर स्टॉल, हा क्रम टिकाऊ आहे. सुरुवातीला ड्रॉप-इन न येताही तळातून पंप करत वर जाऊन स्टॉलचा प्रयत्न करता येतो. घाबरणाऱ्या मुलाला ड्रॉप-इनसाठी महिनाभर फलाटावर उभे ठेवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. शिकवणाऱ्या दादाने किंवा ताईने फलाटावर बसून हात धरायचा असेल तर मनगटाला मनगट अशी पकड द्यावी, बोटे धरू नयेत.

हेल्मेट आणि गुडघ्यांचे जाड पॅड सक्तीचे समजावेत. वळणदार चढावर पडताना गुडघ्यांवर घसरत खाली येणे ही सर्वांत सुरक्षित रीत आहे आणि ती बोर्डशिवाय, नुसते पॅड घालून आधी शिकवता येते. पाठीवर पडताना हात मागे टेकायची उपजत ओढ असते आणि मनगटे त्यामुळेच मोडतात. बोर्ड ८ ते ८.५ इंच रुंद आणि चाके ५२ ते ५६ मिलिमीटरची, कडक असावीत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त खेळण्यातल्या बोर्डचे ट्रक प्लास्टिकचे असतात. त्यांवर ॲक्सल स्टॉल करू देऊ नये.

उगम

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलियुरेथेनची चाके आली आणि स्केटबोर्डला पकड मिळाली. १९७६-७७च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले अनेक पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि मुलांनी त्यांच्या वळणदार भिंतींवर बोर्ड चढवले. तलावाच्या काठावरची कड हीच मूळची कोपिंग. पुढे लाकडी रॅम्पवर पाइप आला तो तिची जागा घ्यायला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभ्या भिंतीशिवायचे बुटके मिनी रॅम्प लोकप्रिय झाले आणि बहुसंख्य स्टॉल आज ज्या रूपात शिकवले जातात ते तिथे रुळले. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आहे. भारतात मध्य प्रदेशातल्या पन्नाजवळच्या जनवार या खेड्यात २०१५मध्ये स्केटपार्क उभा राहिला आणि या खेळाला महानगराचीच गरज नाही हे दिसून आले.

नाशिकच्या हवेत रॅम्प

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या मानाने शहरात पाऊस बराच कमी, तरी उघड्यावरच्या प्लायवुडला जून ते सप्टेंबर जड जातात. पाणी वरून नव्हे, तर शीटच्या कापलेल्या कडांतून आत शिरते. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक कडेला रंगाचे किंवा वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत आणि साधे प्लाय न घेता मरीन प्लाय घ्यावे. ताडपत्री थेट पृष्ठभागावर पसरली तर खाली दमट हवा कोंडते आणि थर सुटू लागतात. ती दोरीवर ताणून, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी बांधावी.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दव पडते, आणि पाइप लाकडाच्या नंतर सुकतो. पाय टेकून पृष्ठभाग कोरडा वाटला तरी ॲक्सल स्टॉल घेण्याआधी कोपिंग फडक्याने पुसावे. एप्रिल-मेच्या दुपारी हाच पाइप हाताला चटका देईल इतका तापतो, सराव सकाळी किंवा पाच वाजल्यानंतरच ठेवावा. नव्या पाइपवरचा रंग ट्रकला धरून ठेवतो. तो घासून काढून स्टॉलच्या जागी मेणबत्तीचे मेण अगदी पातळ लावावे. चढावर मेण सांडले तर ते लगेच खरवडून टाकावे. प्रत्येक सरावाआधी हात फिरवून स्क्रू तपासावेत. एक डोके जरी वर आले असेल तरी गुडघ्यावर घसरणाऱ्याला ते फाडते, शिवाय ते बहुधा खालची पट्टी सैल झाल्याची पहिली खूण असते.