जॉबर पद्धत

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरती करण्याचे, त्यांच्याकडून काम करून घेण्याचे आणि त्यांना काढून टाकण्याचे अधिकार खात्यातल्या मुकादमाच्या हाती ठेवणारी व्यवस्था. या मुकादमाला गिरणीत जॉबर म्हणत. बायका काम करत त्या वायंडिंगसारख्या (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत हेच काम नायकीण करी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३०च्या दशकापर्यंत ही पद्धत भरात होती.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, पण मालक आणि कामगार यांच्यातले अंतर कमी झाले नाही. मालक पारशी, भाटिया, बगदादी ज्यू. खात्यांवरचे मास्तर सुरुवातीला बरेचसे लँकेशायरहून आलेले. कामगार बहुतांशी रत्नागिरी, सातारा या बाजूचे. या दोन टोकांमध्ये जॉबर उभा राहिला. तो स्वतः कामगारांतूनच वर आलेला असे. साचा, म्हणजे माग, अडला तर तो चालू करणे, नव्या पोराला हात बसवून देणे, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी माणूस उभा करणे, हे सारे त्याच्याकडे. भोंगा व्हायच्या आधीच गिरणीच्या दारात बदलीवाल्यांची, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळेल म्हणून येणाऱ्यांची, गर्दी जमे आणि त्यातून कोणाला आत घ्यायचे हे तोच ठरवी.

कामावर घेताना जॉबर दस्तुरी, म्हणजे नोकरी दिल्याबद्दलचे पैसे, घेई, आणि कामावर राहायचे तर अधूनमधून ती पुन्हा द्यावी लागे. नायकिणीही घेत. पण नुसता लाचखाऊ एवढीच त्याची ओळख धरली तर पद्धत समजत नाही. गिरणगावात खोली मिळवून देणारा, खानावळवाल्याकडे जामीन राहणारा, अडीनडीला व्याजाने पैसे देणारा अनेकदा तोच असे. शिवाय त्याचे वजन त्याच्या माणसांवर अवलंबून होते. त्यांची बाजू घेतली नाही तर माणसे दुसऱ्या जॉबरकडे जात. म्हणून संपात तो कधी मालकाच्या बाजूला, तर कधी कामगारांच्या पुढे दिसतो. १८९६ च्या प्लेगात कामगार गावी पळाले, तेव्हा उरलेल्यांना रोजचा पगार रोज देऊन एकमेकांकडून ओढून घेण्याची पाळी गिरण्यांवर आली आणि माणसे आणू शकणाऱ्या जॉबरचे मोल वाढले.

या व्यवस्थेची खरी कसोटी १९२०च्या दशकात लागली. जपानी कापडाच्या स्पर्धेने आणि मंदीने मालक अडचणीत आले. खर्च कमी करण्यासाठी काही गिरण्यांनी, विशेषतः सासून समूहाने, दोनऐवजी तीन साचे आणि कताईत यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू एकेका कामगाराकडे देण्याचा मार्ग धरला. यंत्रांची, सुताची आणि बाजारभावाची आकडेमोड मालकांकडे तयार होती. मात्र साच्यावरच्या माणसाला हा बदल समजावून सांगेल, त्याची शंका ऐकून घेईल असा कोणीही त्यांच्याकडे नव्हता. सत्तर वर्षे ते काम जॉबरवर सोडले होते, आणि कमी माणसांत काम भागणार असेल तर जॉबरचीही पत घटणार होती. प्रस्तुत लेखकाच्या मते १९२८ चा संप एवढा चिघळला याचे एक मोठे कारण या अबोल्यात आहे.

त्या वर्षी एप्रिलअखेर सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संपातच उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेर पन्नास हजारांवर गेली. तिच्या गिरणी कमिट्या खात्यातली तक्रार थेट अधिकाऱ्यांपुढे नेऊ लागल्या, म्हणजे जॉबरची जागाच त्यांनी मागितली. मालकांना हे रुचले नाही. १९२९ चा दुसरा संप फसला आणि कमिट्यांचा जोर ओसरला.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि कारखान्यात मजूर अधिकारी नेमावा अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी मजूर अधिकारी आला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक संख्येच्या बदलीवाल्यांना कार्डे द्यायची आणि रिकाम्या जागी आधी त्यांनाच घ्यायचे, असा तिचा नियम. जॉबरचा हात आखडला, तरी कार्ड कोणाला द्यायचे यात त्याचा शब्द बराच काळ चाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला.

जॉबरची सत्ता गेली, पण दारातला बदलीवाला गेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सार्वत्रिक संप सुरू झाला, तेव्हा बदली कामगारांना कायम करा, ही त्यातली एक मागणी होती.