दुर्मीळ सोल रेकॉर्ड : प्रतवारी आणि विक्री

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या, मुख्यतः १९६० च्या दशकातील सोल संगीताच्या मूळ तबकड्यांची संग्राहकांमध्ये होणारी पारख आणि खरेदी-विक्री. यात सर्वाधिक मागणी असते ती मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या सात इंची तबकडीला. माल अमेरिकेचा असला तरी त्याची पेठ वसली उत्तर इंग्लंडमध्ये, आणि व्यवहाराचे संकेतही बहुतांशी तिथेच रुजले.

डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस इथल्या लहान कंपन्या एखादे गाणे थोड्याशा प्रतींत काढीत. स्थानिक रेडिओने ते उचलले नाही, की उरलेला गठ्ठा गोदामात पडे किंवा मातीमोल भावाने जाई. दशकाच्या अखेरीस अमेरिकी संगीत फंक या वेगळ्या ठेक्याच्या शैलीकडे वळले. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हीलसारख्या क्लबांत रात्रभर नाचणाऱ्या कामगारवर्गातील तरुणांना मात्र मोटाउन या डेट्रॉइटच्या सोल कंपनीचा जुना, वेगवान ठेकाच हवा होता. त्या ठेक्याची नवी गाणी येईनात, तेव्हा जुनी आणि न चाललेली गाणी शोधणे एवढाच मार्ग उरला. लंडनमध्ये सोल सिटी हे दुकान चालवणारे पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांच्या या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. १९७३ ते १९८१ या काळात चाललेल्या विगन कसिनो या उत्तर इंग्लंडमधील नाचाच्या क्लबात नाचघराइतकीच गर्दी तबकड्यांची खोकी मांडून बसलेल्या विक्रेत्यांभोवती असे.

म्हणजे या बाजारात किंमत येते ती गाण्याच्या अपयशामुळे. गाजलेल्या गाण्याच्या प्रती ढिगाने सापडतात. पडलेल्या गाण्याच्या सापडत नाहीत. फ्रँक विल्सन यांच्या ‘डू आय लव्ह यू’चे उदाहरण नेहमी दिले जाते. मोटाउनच्या ‘सोल’ या उपलेबलवर (कंपनीच्या दुय्यम छापाखाली) १९६५ मध्ये त्याच्या काही प्रचारप्रती निघाल्या, प्रकाशन मात्र झालेच नाही आणि बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. त्यांपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. विगनमध्ये हे गाणे ‘एडी फॉस्टर’ या भलत्याच गायकाच्या नावावर वाजवले जाई. हातातली दुर्मीळ तबकडी प्रतिस्पर्ध्याला ओळखू येऊ नये म्हणून डीजे तबकडीच्या मधल्या छापील लेबलवर कोरा कागद चिकटवीत आणि खोटे नाव सांगत. या प्रकाराला ‘कव्हर-अप’ म्हणतात. खोट्या नावामागे धावून कित्येक संग्राहक वर्षानुवर्षे अस्तित्वातच नसलेली तबकडी शोधत राहिले.

दुर्मीळपणा गाण्याचा नसतो, विशिष्ट छपाईचा असतो. नवखा खरेदीदार नेमका इथे फसतो. डॅरेल बँक्स यांचे ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ १९६६ मध्ये अमेरिकेत गाजले, त्यामुळे रेव्हिलॉट लेबलची अमेरिकी प्रत सहज मिळते. ब्रिटनमध्ये ते आधी ‘लंडन’ नावाच्या लेबलवर यायचे होते, पण हक्क स्टेटसाइड या दुसऱ्या लेबलकडे गेल्याने ती छपाई मागे घेतली गेली. लंडन लेबलची विक्रीसाठीची एक प्रत २०१४ मध्ये लिलावात आली आणि साडेचौदा हजार पौंडांच्या आसपास गेली. गाणे तेच, खाचांतला आवाजही तोच.

प्रतवारीसाठी दोन मोजपट्ट्या चालतात. अमेरिकी ‘गोल्डमाइन’ नियतकालिकाची पट्टी मिंट (कोरी), निअर मिंट, व्हीजी (‘व्हेरी गुड’) प्लस, व्हीजी, गुड आणि पुअर अशी उतरत जाते. ब्रिटिश ‘रेकॉर्ड कलेक्टर’च्या पट्टीत मिंटनंतर ‘एक्सलंट’ येते. दोन्हींत ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, चांगलीच घासलेली तबकडी. गोल्डमाइनच्या हिशेबाने व्हीजी प्लसला निअर मिंटच्या निम्मा भाव आणि व्हीजीला पाव. सामान्य मालाला हा हिशेब लागू पडतो. ज्या तबकडीच्या पाच-सातच प्रती ठाऊक आहेत तिला तो लावण्यात अर्थ नाही, कारण दुसरी प्रत समोर येईपर्यंत थांबण्याची चैन कोणाला परवडत नाही. लेबलवर पेनाने लिहिलेले नाव, रेडिओ केंद्राचा शिक्का, शिल्लक माल काढून टाकताना पाडलेले भोक हे दोष प्रतवारीत न मिसळता वेगळे नमूद करण्याची रीत आहे. वाजण्यावर परिणाम न करणारा चरा आणि सुई अडवणारा चरा यांतला फरकही सांगितला जातो.

नुसत्या नजरेने केलेली पारख सोलच्या बाबतीत पुरत नाही. त्या काळच्या अनेक अमेरिकी तबकड्या व्हायनिलच्या नसून स्टायरीन या कडक, ठिसूळ प्लास्टिकच्या होत्या. झिजलेली स्टायरीन तबकडीही प्रखर दिव्याखाली चकाकते, पण सुई ठेवताच खरखरते. जड सुईने झिजलेल्या खाचा डोळ्यांना दिसत नाहीत. तिला जराशा दाबाने तडाही जातो. म्हणून महागडी तबकडी वाजवून पाहिल्याशिवाय तिची प्रतवारी ठरवू नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. तो पाळणारे विक्रेते थोडे.

बनावट प्रती १९७० च्या दशकापासूनच निघू लागल्या. त्या ओळखण्याची खरी जागा म्हणजे लेबल आणि खाचा यांच्यामधला गुळगुळीत पट्टा. तिथे कारखान्याच्या खुणा असतात : लॉस एंजेलिसच्या मोनार्कचा त्रिकोण आणि त्यापुढचा आकडा, मिशिगनमधील ओवोसोच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगची ‘एआरपी’ ही अक्षरे, ‘नॅशव्हिल मॅट्रिक्स’चा ठसा. जिथे ठसा हवा तिथे हाताने खरडलेला आकडा असेल, किंवा मूळ फक्त स्टायरीनमध्ये निघालेली असताना समोरची लवचीक व्हायनिलची असेल, तर हात आखडता घ्यावा. अस्पष्ट छापलेले लेबल हीसुद्धा धोक्याची खूण, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. खऱ्या लहान कंपन्यांची छपाईही पुष्कळदा गचाळच असे.

विक्री पूर्वी टपालाने येणाऱ्या याद्यांवर चाले. यादी हाती पडताच जो आधी फोन करी त्याचा माल. इंग्लंडमधील किंग्ज लिनचे सोल बोल हे दुकान अमेरिकेतून खोकीच्या खोकी आणून अशा याद्या काढी. पुढे इंटरनेटवरचे लिलाव आले आणि मागचे भाव कोणालाही पाहता येऊ लागले. त्याने भाव सर्वत्र सारखे झाले, पण प्रतवारी अजून विक्रेत्याच्या शब्दावरच चालते. नाण्यांप्रमाणे तबकडी त्रयस्थाकडून तपासून सीलबंद करण्याची पद्धत इथे रुळलेली नाही; सीलबंद तबकडी वाजवता येत नाही, आणि या मंडळींना ती वाजवायची असते. अनेक नाचरात्रींत आजही फक्त मूळ छपाईच वाजवायचा नियम आहे. त्यामुळे एखाद्या गाण्याची अधिकृत नवी आवृत्ती स्वस्तात निघाली, तरी जुन्या प्रतीचा भाव उतरेलच असे नाही.