प्रात्यक्षिक म्हणजे कृती नव्हे

शिक्षकाच्या टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या वहीत, प्रात्यक्षिक आणि कृती हे दोन्ही शब्द एकाच रकान्यात येतात. वर्ग पाहायला आलेल्यालाही दोन्ही सारखेच दिसतात: टेबलावर साहित्य, मुलं उत्सुक, गलका भरपूर. फरक एवढाच, की प्रात्यक्षिकात वस्तू बाईंच्या हातात असते आणि कृतीत मुलांच्या. मुलांना शाळा आवडते की नाही, हे माझ्या मते बरंचसं इथेच ठरतं.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे भरून ठेवलेली घागर, कळशी, पिंप मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं. म्हणून दुसरीला धारकता, म्हणजे भांड्यात किती मावतं ते, शिकवताना मी पाणीच घेतलं. उंच पेल्यातलं पाणी पसरट वाडग्यात ओतून विचारलं, "कमी झालं का?" सगळा वर्ग ओरडला, "नाही बाई, सारखंच!" मला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी तेच साहित्य मुलांच्या पुढ्यात ठेवलं. आदल्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने ओरडलेली मुलगी म्हणाली, "पेल्यात जास्त होतं, बघा की किती वर आलेलं!" तिने ओतलं, परत पेल्यात भरलं, पुन्हा ओतलं. चौथ्या खेपेला हात थांबला. वाडग्याच्या काठावरून बोट फिरवत ती हळूच म्हणाली, "हितं पसरलंय, म्हणून खाली गेलंय." या वयात उंच ते जास्त वाटणं स्वाभाविकच, मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांबद्दल हेच नोंदवलं आहे. आदल्या दिवशीचं उत्तर माझा चेहरा वाचून आलं होतं, हे तिचं स्वतःचं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच घरी तेलुगू बोलतात. तिथल्या मुलाला 'धारकता' हा शब्द सापडायच्या आत हाताने उत्तर देता येतं, आणि एरवी गप्प बसणारं पोर पुढे सरकतं.

प्रात्यक्षिक टाकाऊ नाही. जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालायचा असेल तर तो बाईंनीच घालावा. घरून बनवून आणलेलं थर्माकोलचं सिद्धेश्वर मंदिर मात्र या दोन्हींत बसत नाही. त्यात मुलाचा हात बहुधा लागलेलाच नसतो.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अनुभवातून शिकण्यावर भर आहे. वर्गात अडचण असते ती वेळेची आणि सांडलवंडीची. मी पाच-पाच मुलांचे गट करते आणि पाण्याऐवजी ज्वारी घेते. सांडली तरी मुलं वेचून पुन्हा मापात भरतात.